दोन भाषांच्या दारात

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरात माझ्यासारख्या निवृत्त माणसाला जागा नसते. स्वयंपाकघरात गेलो तर मी मध्ये येतो आणि बैठकीत बसलो तर केरसुणी माझ्या पायांशी येऊन थांबते. म्हणून जटपुरा दरवाज्याच्या आत असलेल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर मी संगणक घेऊन बसतो. परवाही तसाच बसलो होतो. ही भाजणीचा डबा न्यायला वर आली आणि क्षणभर माझ्या मागे उभी राहिली. पडद्याचे दोन भाग केलेले होते. डावीकडे एका भाषेतल्या ओळी, उजवीकडे दुसरीतल्या.

"काय लिहून राहिले जी?" तिने विचारले. "आणि हे दोन-दोन प्रकारचं कशाला?"

"या दोन भाषा आहेत. दोघी मिळून एकच काम करतात."

"एकीला होत नाही?"

"होतं."

"मग?"

एवढे बोलून ती डबा घेऊन खाली गेली. मी तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले, पण इतका नेमका प्रश्न एकाही विद्यार्थ्याने मला विचारला नव्हता. तिला त्या वेळी जे उत्तर देता आले नाही, ते येथे देण्याचा विचार आहे. वाचकांनी संगणकाचे नाव ऐकून पान उलटू नये. गोष्ट माणसांचीच आहे.

त्या दोन भाषांपैकी एकीचे नाव 'सी' आणि दुसरीचे 'आर'. नावे अशी एकेका अक्षराची का, हे त्या लोकांनाच ठाऊक. आपल्याकडे बारसे इतक्या घाईत उरकत नाहीत. 'सी' ही १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडवली. यंत्राच्या अगदी जवळची, मितभाषी, कमालीची वेगवान. तिला सांगाल ते ती करते आणि सांगितले नाही त्याबद्दल विचारीत नाही. त्याच प्रयोगशाळेत १९७६ साली जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकड्यांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी 'एस' नावाची भाषा केली. 'आर' ही तिचीच धाकटी बहीण. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोघांनी तिला १९९० नंतर जन्म दिला. 'आर'मध्ये विचार करणे सोपे जाते. मनात जसा प्रश्न येतो, जवळजवळ तसाच तो लिहिता येतो. पण तेच काम लाख वेळा करायला सांगितले की ती दमते. म्हणून जाणती माणसे विचार 'आर'मध्ये मांडतात आणि आतले कष्टाचे काम 'सी'च्या किंवा तिच्या वंशातल्या 'सी-प्लस-प्लस'च्या स्वाधीन करतात. बाहेरून एकच पॅकेज दिसते. वापरणाऱ्याला आत दोघी नांदतात याची गंधवार्ताही नसते.

याचे उदाहरण आमच्या चंद्रपूरकरांच्या अंगणातलेच आहे. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, ते महाराष्ट्रातले पहिले. एके काळी तिथले वाघ पावलांच्या ठशांवरून मोजीत. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बांधतात आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात. पण कॅमेऱ्यात आलेले वाघ मोजले म्हणजे काम संपले असे नाही. जे आलेच नाहीत त्यांचे काय? कोणता वाघ कोणत्या कॅमेऱ्यात किती रात्री आला आणि शेजारच्या कॅमेऱ्यात का आला नाही, यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधावा लागतो. देशाच्या व्याघ्रगणनेत अलीकडे वापरले गेलेले एक पॅकेज, 'एसईसीआर', न्यूझीलंडच्याच मरे एफर्ड यांनी रचलेले आहे. वरून ते 'आर'मध्ये आहे, पण रानातल्या हजारो बिंदूंपैकी प्रत्येक बिंदूवर 'या वाघाचे घर इथे असेल तर' असा हिशेब पुन्हा पुन्हा मांडायचा, ते काम आत 'सी-प्लस-प्लस' करते. २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचे जाहीर झाले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. देशाच्या त्या आकड्यासोबत ३,१६७ ते ३,९२५ अशी मर्यादाही दिलेली होती, तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. मला मात्र तीच मोलाची वाटते. न दिसलेला वाघ म्हणजे नसलेला वाघ नव्हे, आणि किती दिसले नाहीत हे आम्हांला बिनचूक ठाऊक नाही, असे ते दोन आकडे सांगतात.

आता त्या दोघींच्या संसाराविषयी. त्यांच्या सवयी वेगळ्या आहेत. 'आर' एकपासून मोजते. 'सी' शून्यापासून मोजते. 'आर' जिला पाचवी ओळ म्हणेल, ती 'सी'च्या लेखी चौथी. दोघीही आपापल्या घरी बरोबर असतात. चूक होते ती दारात, एकीकडून दुसरीकडे जाताना. तिथे कोणीतरी एक वजा करायला हवा. तो केला नाही, तर या घरचे उत्तर शेजारणीच्या नावावर पडते आणि यंत्र कुरकुरसुद्धा करीत नाही. १९९९ साली मंगळाकडे पाठवलेले अमेरिकेचे एक यान असेच गेले. ते बनवणाऱ्यांचा प्रोग्राम रेट्याचे माप पौंडांत देत होता आणि मार्ग आखणाऱ्यांनी ते न्यूटनमध्ये आहे असे धरले होते. दोन्हीकडचे गणित चोख. दारात उभे राहून विचारणारे कोणी नव्हते.

पण एक वजा करायला विसरणे ही गफलत झाली. गफलतीबद्दल माणसाने खजील व्हावे, फार तर दुरुस्ती करून मोकळे व्हावे. माझ्या मनाला लागून राहिली आहे ती गोष्ट गफलतीची नाही. ती मी जाणूनबुजून केली होती.

'आर'मध्ये एक सुंदर सोय आहे. तिथे 'माहीत नाही' या उत्तरासाठी वेगळी खूण आहे. ती खूण म्हणजे शून्य नव्हे. आणि ही खूण मोठी हट्टी असते. शंभर आकड्यांच्या बेरजेत एक जरी 'माहीत नाही' असला, तर 'आर' सगळ्या बेरजेचे उत्तर 'माहीत नाही' असेच देते. अज्ञात सोडून बाकीच्यांची बेरीज कर, असे तुम्ही तोंडाने सांगावे लागते. आपण होऊन ती तसे करीत नाही. 'सी'कडे पूर्णांकांसाठी अशी खूणच नाही. तिच्या घरात येईल ती संख्या. आतल्या आत 'आर' आपली ही खूण एका ठरावीक संख्येच्या रूपात साठवते, उणे २,१४,७४,८३,६४८. ही संख्या नसून मौन आहे, हे 'आर'ला ठाऊक असते. 'सी'ला कोणी सांगितले नाही तर ती ते मौन मोजून टाकते.

सात-आठ वर्षांपूर्वी भामरागडच्या बाजूला काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेने मला बोलावले. त्यांनी काही गावांत घरोघरी जाऊन माहिती गोळा केली होती. मुले किती झाली, किती हयात आहेत, किती गेली. मी मूल ओलांडून, वैनगंगेचा पूल पार करून, आलापल्लीच्या सागवानातून तिथे गेलो तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता. पर्लकोटेला पूर आला की तो भाग बाकीच्या जगापासून तुटतो, म्हणून त्यांची कामे दसऱ्यानंतर जोर धरतात. माहिती वह्यांत होती. त्यांपैकी बऱ्याच वह्या एका माडिया मुलीने भरलेल्या होत्या. आश्रमशाळेत मराठी शिकलेली, वीस-बावीस वर्षांची, अक्षर वळणदार. ती घराघरांत माडियात विचारी आणि मराठीत लिही. काही घरांपुढे, 'किती गेली' या रकान्यात, तिने एक लहानशी आडवी रेघ ओढलेली होती.

वह्यांतले आकडे संगणकात उतरवणाऱ्याने त्या रेघांच्या जागी 'माहीत नाही'ची खूण घातली. त्याने योग्य तेच केले. प्रोग्राम मी लिहिला. आकड्यांची मर्यादा काढायची तर तीच घरे हजारो वेळा उलटसुलट निवडून पुन्हा पुन्हा बेरजा कराव्या लागतात. 'आर' एकटी त्याला रात्रभर घेई, म्हणून आतला भाग मी 'सी'त लिहिला. खरे सांगायचे तर रात्रभर थांबायला हरकत काहीच नव्हती. पण निवृत्त प्राध्यापकाला आपण अजून मागे पडलेलो नाही हे तरुणांना दाखवायचे असते.

पहिल्यांदा प्रोग्राम चालवला, तेव्हा एका गावात गेलेल्या मुलांची संख्या उणे दोनशे चौदा कोटींच्या घरात आली. मी एकटाच हसलो. रात्रीचे अकरा वाजले होते, दुसऱ्या दिवशी अहवाल छापायचा होता. दोन भाषांच्या दारात मी एक ओळ घातली: जिथे 'माहीत नाही' असेल तिथे शून्य धरावे. लगेच सगळे आकडे शहाण्यासारखे वागू लागले. मी समाधानाने झोपलो.

बैठकीत अहवाल वाटला गेला. ती मुलगी शेवटच्या रांगेत बसली होती. बराच वेळ तिने त्या तक्त्यावर बोट फिरवले आणि बैठक संपल्यावर माझ्याकडे आली.

"सर, या गावात कोणाचंच मूल गेलं नाही, असं लिहिलं आहे."

"हो, आकडे तसेच आले."

"असं मला कोणी सांगितलं नाही."

मी तिची वही मागवली. त्या गावाच्या पानावर काही शून्ये होती आणि बाकी सगळ्या रेघा. "या रेघा कशाच्या?" मी विचारले.

"त्या बायांनी काही सांगितलं नाही. मी पण परत विचारलं नाही. म्हणून रेघ मारली."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी वेगळे काही लिहिले आहे का, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. मला मात्र तिच्याकडे वर पाहवेना. माझ्यासारखीच तीही दोन भाषांच्या दारात बसलेली होती. माडियातले मौन मराठीत कसे लिहायचे, असा प्रश्न तिच्यापुढे आला, तेव्हा तिने त्याला रेघेचे रूप दिले. त्याला उत्तराचा वेष चढवला नाही. तिच्याजवळ पदवी नव्हती. माझ्याजवळ दोन होत्या.

तो उणे दोनशे चौदा कोटींचा आकडा वेडा होता यात शंका नाही. पण तो ओरडून सांगत होता की इथे काहीतरी बिघडले आहे, थांबा. मी घातलेले शून्य सभ्य होते, नीटनेटके होते, आणि म्हणूनच कोणी त्याच्याजवळ थांबले नाही. त्या मुलीने बोट ठेवले नसते तर ते तसेच पुढे गेले असते. एखाद्या कचेरीत कोणी ते वाचून 'या गावाची काळजी नको' असेही म्हटले असते.

हे काही माझ्या एकट्याच्याच हातून घडत नाही. याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८६ पासून काम केले. तिच्या पुढाकाराने आणि इतर संस्थांच्या साथीने २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला, तेव्हा महाराष्ट्राला कळले की सरकारी दप्तरात न चढलेले बालमृत्यू केवढे मोठे आहेत. (मी ज्या संस्थेकडे गेलो ती ही नव्हे, हे स्पष्ट करतो, माझी चूक माझ्याच पदरात राहू द्यावी.) न नोंदलेला मृत्यू कागदावर न झालेला मृत्यू होतो. त्यासाठी कोणी खोटे बोलावे लागत नाही. रिकाम्या जागेचे शून्य होते, एवढेच.

संस्थेच्या चिटणीसांनी माझ्याशी जो वाद घातला, तो येथे द्यायला हवा, कारण तो माणूस मनाने वाईट नव्हता. ते म्हणाले, "सर, रेघेवर कोणी पैसे देत नाही. दवाखाना हवा तर आकडा हवा. तुमचं 'माहीत नाही' घेऊन मी कोणाच्या दारात जाऊ?" हा मुद्दा हसून सोडण्यासारखा नाही. सगळे काही निश्चित कळेपर्यंत थांबायचे म्हटले तर ज्यांच्यासाठी मोजायचे त्यांचेच आयुष्य सरते. निश्चिताचा हट्ट हीदेखील पोट भरलेल्या माणसाची चैन असू शकते. मी दोन दिवस विचार केला. मला असे वाटले की अंदाज बांधायला हरकत नाही. ताडोबात न दिसलेल्या वाघांचा अंदाज बांधतातच की. पण तो अंदाज आपल्या नावाने, आपल्या मर्यादेसह उभा असतो. मी घातलेले शून्य हा अंदाजही नव्हता. एक बाई बोलली नव्हती आणि मी तिच्या तोंडी उत्तर घातले होते, तेही तिच्या सहीसारखे दिसेल अशा ठिकाणी. दुभाष्याने अडखळावे, चाचरावे, 'या शब्दाला इकडे शब्द नाही' म्हणावे. इतपत सगळ्यांना चालते. बोलणाऱ्याच्या गप्प बसण्याचे भाषांतर करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

माझे एक जुने सहकारी यावर म्हणाले, "मुळात दोन भाषा आणल्यास म्हणून हा घोळ. सगळं एकीत लिही, भांडण मिटलं." हा उपाय गडचिरोलीतल्या माणसाला ओळखीचा वाटेल. १९८२ साली चंद्रपुरापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात गोंडी आहे, माडिया आहे, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, पूर्व बंगालातून येऊन वसलेल्यांची बंगाली, आणि आमची झाडीबोली. सगळ्यांनी एकच भाषा बोलावी म्हणजे कचेरीचे काम सोपे होईल, असे म्हणणारे भले लोक मी पुष्कळ पाहिले. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती बहुधा असल्या भल्या लोकांना उत्तर म्हणूनच.

सहकाऱ्यांच्या उपायात दुसरीही एक गोम आहे. 'आर' एकटी म्हणून आपण ज्या 'आर'कडे जाऊ, तिचा गाभाच मुळी बराचसा 'सी'त लिहिलेला आहे. दार बंद केले असे म्हणावे तर ते आतल्या खोलीत सरकलेले असते. आणि एकच भाषा बोलणाऱ्या घरातही दार असतेच. आपल्या मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे. ऐकणाऱ्याला आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, ते त्यावरून ठरते. इंग्रजी अहवालात दोन्हींचा एकच शब्द होतो. ग्रामसभेत 'आपण ठरवू' असे म्हटले गेले की 'आम्ही ठरवू', हे ज्याने तो अहवाल लिहिला त्यालाच ठाऊक. पण मराठी ते मराठीदेखील सासरी-माहेरी तेच वाक्य वेगळे ऐकू येते, हे मी या अंकाच्या वाचकांना काय सांगावे!

तेव्हा दोन्ही भाषा ठेवल्या आणि दार दुरुस्त केले. आता 'आर'कडून 'सी'कडे आकड्यांची एक यादी जाते आणि तिच्या सोबतीने दुसरी यादी जाते, कोणत्या घरी उत्तर मिळाले आणि कोणत्या घरी नाही याची. 'सी'ला 'माहीत नाही' हा शब्द नाही हे खरे, पण शेजारी खूण ठेवून दिली तर ती मान ठेवते. काम थोडे सावकाश होते. अहवालात एक रकाना वाढला: 'उत्तर नाही'. तक्ता पानात मावेना, आडवा छापावा लागला. चिटणीसांना तो कधीच आवडला नाही, पण त्यांनी तो काढला नाही, हे त्यांच्याविषयी सांगायला हवे. पुढे त्यांना पैसे मिळाले ते मागितल्याच्या निम्मे. त्या रकान्यामुळे की आणखी कशामुळे, ते कोणी सांगितले नाही. दवाखाना झाला, परिचारिका आठवड्यातून दोनच दिवस येते. या हिशेबात माझ्या प्रामाणिकपणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मला अधूनमधून रात्री पडतो. ती मी मोजलेली नाही, एवढे नक्की.

परवा पडद्यावर जे उघडे होते ते हेच. संस्थेत नवीन आलेला एक मुलगा सगळा प्रोग्राम आता तिसऱ्याच भाषेत लिहायला निघाला आहे. हुशार आहे, भरभर लिहितो. 'सी'तल्या त्या दाराजवळ मी मराठीत एक टीप लिहून ठेवली होती, 'इथे शून्य घालू नये'. त्याने फोन करून विचारले, "सर, ही ओळ प्रोग्राममध्ये काहीच काम करत नाही. काढून टाकू?"

मी म्हणालो, "जरा थांब," आणि त्याला त्या वहीची हकीकत पहिल्यापासून सांगायला लागलो. रेघांपर्यंत आलो होतो, इतक्यात खालून हिची हाक आली. चकलीचा सोऱ्या फिरवायला घरात दुसरे कोणी नव्हते. मी त्या मुलाला म्हटले, भाऊबीज झाली की तूच चंद्रपूरला ये, आणि येताना ती वही घेऊन ये.